भावबाईंनी भाव दिला नाही

सरकारच्या आकडेवारी खात्यात भाव टिपणारी माणसं असतात, हे बहुतेकांच्या गावीही नसतं. टीव्हीवर बसून 'महागाई अमुक टक्के' असं सांगणाऱ्या गुळगुळीत चेहऱ्यांना तो आकडा कुणीतरी दुकानं पायाखाली घालून आणून देतं, हे त्या चेहऱ्यांनाही ठाऊक नसतं. भावबाई हे काम एकोणीस वर्षं करत होत्या. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं. बाजारात त्या भावबाईच.

दर महिन्याच्या दहा ते चौदा तारखेला अडतीस दुकानं आणि दोनशे बारा वस्तू. नुसतं 'पुरुषांचा बूट' लिहून भागत नसे. काळा, चामड्याचा, लेसचा, तळवा शिवलेला, आठ नंबरचा बूट. तोच बूट, त्याच दुकानात, महिन्यामागून महिना. पाव चारशे ग्रॅमचा. केस कापणं साधं, दाढी सोडून. त्यांच्या पिशवीत तळहाताएवढा एक वजनकाटा असे, कारण कारखानदारांची खोड त्यांना पुरती माहीत होती. पाकीट तेच, चित्र तेच, किंमत तीच, आणि आत बिस्किटं चौदाची बारा. भावबाई काउंटरवरच पाकीट काट्यावर ठेवत आणि दुकानदाराकडे बघत म्हणत, "घ्या. महागाई आता आतल्या बाजूने येतेय."

दुकानदार हसत. भावबाई हसत नसत. हसण्याजोगं त्यांना जगात फारसं काही दिसत नसे. घेताना भाव न विचारणारी गिऱ्हाईकं त्यांच्या मते बोळ्याने दूध पीत होती. अर्थतज्ज्ञ म्हणजे ज्याने आयुष्यात स्वतः कांदा निवडून घेतला नाही असा इसम. खात्यातल्या आपल्या सव्वीस सहकाऱ्यांबद्दलही त्यांचं मत काही बरं नव्हतं. चहाच्या टपरीवर बसून अंदाजाने रकाने भरणारी ही मंडळी, असं त्या उघड म्हणत. त्यातला एक जण प्रत्येक बैठकीत छातीवर मान टाकून झोपायचा. त्याला त्यांनीच डुलकीराव हे नाव ठेवलं होतं आणि ते पार वरच्या मजल्यापर्यंत पोचलं होतं.

घरी नवरा. सरकारी बस बत्तीस वर्षं चालवून निवृत्त झालेला, सरळमार्गी, सरकारवर श्रद्धा ठेवणारा माणूस. पेन्शनच्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून बँकेत जायचा. आदल्या वर्षी महागाई जेवढे टक्के वाढली तेवढ्याच टक्क्यांनी पेन्शन वाढवायची, असा कायदाच होता. म्हणजे भावबाईंनी टिपलेला पाव आणि बूट फिरून फिरून त्यांच्याच स्वयंपाकघरात येत होता. नवऱ्याला याची मोठी गंमत वाटे. "अगं, यंदा जरा चढे भाव लिही की," तो चेष्टेने म्हणे. त्यावर भावबाई त्याच्याकडे अशा बघत की बिचारा पुढचा अर्धा तास वर्तमानपत्रातून डोकं वर काढत नसे.

तर अशा बाई. आणि मग सरकारला तूट आली.

म्हणजे तूट आधीही होतीच. पण त्या वर्षी सावकार देशांनी डोळे वटारले आणि अर्थमंत्र्यांनी भर सभागृहात छाती ठोकून सांगितलं की दोन वर्षांत तूट निम्मी करून दाखवू, कर वाढवणार नाही, आणि म्हाताऱ्यांच्या पेन्शनला हात लावणार नाही. बाकं बडवली गेली. तिन्ही गोष्टी एकदम कशा होणार, हे बडवणाऱ्यांपैकी एकानेही विचारलं नाही. ते कसं होणार, हे दोन महिन्यांनी आकडेवारी खात्याच्या प्रशिक्षण हॉलमध्ये कळलं.

शिकवायला विभागप्रमुख स्वतः उभे होते. सगळे त्यांना सरासरीसाहेब म्हणत. कुठलीही अडचण सांगा, साहेबांचं उत्तर एकच, "सरासरीत ते निघून जातं." साहेब परदेशात तीन महिने राहून आले होते आणि तेव्हापासून खांदे उडवायला शिकले होते.

"आतापर्यंत आपण एकाच वस्तूला चिकटून बसायचो," साहेब म्हणाले. "पण ग्राहक हुशार असतो. मटण महागलं की तो काय करतो? कोंबडीकडे वळतो. मग आपणही वळायला हवं. वस्तू फार महागली की तिचा स्वस्त पर्याय निवडायचा आणि त्याचा भाव टिपायचा."

भावबाईंनी हात वर केला. "आणि कोंबडी महागली की?"

"अंड्याकडे वळतो."

"आणि अंडं महागलं की?"

"बाई, तुम्ही फार पुढचा विचार करता."

"पुढचा नाही साहेब, मी मागच्या मंगळवारचा भाव सांगतेय."

हॉलमध्ये खसखस पिकली. डुलकीरावही जागा झाला. साहेबांनी खांदे उडवले आणि सगळ्यांना नवे टॅब वाटायला सांगितलं. कागदी तक्ते बंद. तक्त्यात शेवटी एक शेऱ्याचा रकाना असे. 'पाकीट लहान झालं', 'तळवा आता चिकटवलेला' असं भावबाई त्यात बारीक अक्षरात लिहीत. टॅबवर तो रकानाच नव्हता. विचारल्यावर साहेब म्हणाले, "शेरे कुणी वाचत नव्हतं." ते मात्र खरं बोलले.

टॅबची खरी करामत दहा तारखेला कळली. भावबाई बुटांच्या दुकानात गेल्या. दुकानदार त्यांच्याच वयाचा, टक्कल पडलेला, कायम करवादलेला. दोघांचं चांगलं जमे.

"नऊशेचा आता साडेनऊशे," तो म्हणाला. "चामडंच महागलं, मी काय करू?"

भावबाईंनी साडेनऊशे टाकले. टॅबने टुण्‌ असा आवाज केला. लाल अक्षरं आली: 'किंमत संभाव्य मर्यादेबाहेर. पर्यायी वस्तू निवडा.' त्यांनी पुन्हा टाकले. पुन्हा टुण्‌.

"काय म्हणतंय?" दुकानदाराने चष्मा वर केला.

"तुमची किंमत शक्य नाही म्हणतंय."

"शक्य नाही? ही काय पाटी लावलीय! आणि सकाळीच एक जोड गेला की साडेनऊशेला."

पाचेक टक्क्यांच्या वर भाव चढला की मशीन तो घेतच नव्हतं. खाली पर्यायांची यादी होती. तिसऱ्या ओळीत, 'पुरुषांचा बूट, कृत्रिम चामडं, चिकटवलेला तळवा'. किंमत पाचशे चाळीस. आणि त्याच्यापुढे कंसात, 'वजनाला हलका: दर्जा सुधारणा'. म्हणजे नऊशेचा बूट पाचशे चाळीसला झाला, वर हलका आहे म्हणून तो अधिक चांगलाही ठरला. तीन महिन्यांत तोंड वासणारा बूट सरकारच्या हिशेबी प्रगती होती.

भावबाईंनी सुटकेसाठी त्या पानावरची सगळी बटणं दाबून पाहिली. 'पर्याय स्वीकारा' हे हिरवं बटण दाबल्याशिवाय पुढचं पान उघडेना. अजून सदतीस दुकानं शिल्लक होती. त्यांनी ते दाबलं.

हे इथे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे लोकांनी त्यांना फार मोठं केलं. भावबाईंनी ते हिरवं बटण आठ महिने दाबलं. प्रत्येक वेळी साहेबांना मनातल्या मनात शेलक्या शिव्या हासडत, पण दाबलं. जगाला नावं ठेवणाऱ्या या बाईने आठ महिने मूग गिळले, आणि घरी येऊन हात जरा जास्तच वेळ धुतले. "साबण संपवशील," नवरा म्हणायचा. "संपू दे. सरकारच्या मते स्वस्त झालाय," त्या म्हणायच्या.

अर्थसंकल्पाच्या दिवशी नवऱ्याने शेजारच्या चार निवृत्तांना टीव्ही बघायला बोलावलं होतं. अर्थमंत्री दोन तास बोलले. महागाई दोन पूर्णांक एक टक्का. म्हणून पेन्शनवाढ दोन पूर्णांक एक टक्का. म्हणून खर्च अंदाजापेक्षा कितीतरी कमी आणि तूट चक्क खाली. "शब्द पाळला!" मंत्री म्हणाले. बाकं बडवली गेली. खोलीतल्या पाच म्हाताऱ्यांनीही टाळ्या वाजवल्या.

भावबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. "कशाला टाळ्या वाजवताय? तुमच्या खिशातून काढून घेतलेत त्यांनी."

"काढून कुठे? वाढवलेत की," एक शेजारी म्हणाला.

"भाजी किती टक्क्यांनी वाढली, हे तुमच्या बायकोला विचारा."

"ते भाजीचं झालं हो. हे देशाचं आहे," शेजारी समजूत घालत म्हणाला. नवऱ्याने मान डोलावली. "देशाची तूट कमी झाली, हे चांगलंच नाही का?" भावबाईंनी पाचही टकलांवरून एकदा नजर फिरवली आणि आत निघून गेल्या. अशा माणसांना लुटण्यासाठी मंत्री लागतो तरी कशाला, असं त्यांना वाटलं. कुणीही येऊन गोड बोललं असतं तरी पुरलं असतं.

सरकारच्या खर्चावर नजर ठेवायला सभागृहाची एक समिती होती. अकरा सभासद, अध्यक्षपदी विरोधी पक्षाच्या एक बाई. या अध्यक्षबाई तल्लख होत्या. पेन्शनचा खर्च अंदाजापेक्षा एवढा कमी का, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी आकडेवारी खात्याला बोलावून घेतलं, वर हट्ट धरला की बाजारात फिरणारं माणूस साक्षीला हवं. सरासरीसाहेबांनी भावबाईंना नेलं. बाईंना आपल्या कामाचा अभिमान आहे, म्हणजे त्या खात्याची लाज राखतील, असा त्यांचा हिशेब.

"विचारलं तेवढंच बोलायचं," जिन्यात साहेबांनी बजावलं.

समितीची खोली थंडगार होती, खुर्च्या इतक्या मऊ की माणूस आत बुडावा. बशांमधून काजू ठेवले होते. काजू दोनशे बारा वस्तूंच्या यादीत नव्हते, हे भावबाईंनी बसता बसता टिपलं. साहेब चाळीस मिनिटं आलेख दाखवत होते. तीन सभासद फोनमध्ये होते आणि एक डोळे मिटून विचार करत होता, तोंड उघडं ठेवून.

शेवटी अध्यक्षबाईंनी विचारलं, "बाई, बुटाचा भाव वाढला की कमी झाला?"

"वाढला. सरकारला तो लिहून घ्यायचा नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. टुण्‌, लाल अक्षरं, हिरवं बटण. सरकारी बाकावरचा एक सभासद जागच्या जागी चुळबुळला. "पण आम्हाला तर बाजारात काही एवढं महाग वाटत नाही," तो म्हणाला.

"पावाचा भाव काय आहे?" भावबाईंनी विचारलं.

"साक्षीदाराने प्रश्न विचारायचे नसतात," सचिव म्हणाला.

पण प्रश्न विचारला गेला होता. त्या सभासदाने एक आकडा सांगितला. तो बारा वर्षांपूर्वीचा होता. शेजारच्याने तिप्पट सांगितला. एकाने "माझ्याकडे मधुमेहामुळे पाव येत नाही" म्हणून सुटका करून घेतली. भावबाईंनी अध्यक्षबाईंकडे पाहिलं. अध्यक्षबाई कागद चाळू लागल्या. शेवटी कपबशा उचलणाऱ्या शिपायाला राहवेना. त्याने नेमका भाव सांगितला, वर कोपऱ्यावरच्या बेकरीत संध्याकाळी जरा कमी होतो हेही सांगितलं. सचिवाने लगेच नोंद केली: शिपायाचं बोलणं कामकाजातून वगळण्यात यावं.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत भावबाईच भावबाई. अध्यक्षबाईंनी तर पावाचा भाव पाठच केला आणि आठ दिवस प्रत्येक सभेत तो सांगत फिरल्या. समितीचा अहवाल मात्र तीन महिन्यांनी आला. एकशेऐंशी पानं. मुद्द्याचं वाक्य एकच: 'भावसंकलनाच्या पद्धतीत सुधारणेस वाव आहे.' भावबाईंनी ते वाचलं आणि अहवाल नवऱ्याकडे दिला. "चष्मा पुसायला कागद चांगला आहे," त्या म्हणाल्या.

मग निवडणूक झाली. सरकार पडलं. पडण्यात पावाचा वाटा मोठा होता असं सगळेच म्हणाले. अध्यक्षबाई अर्थमंत्री झाल्या. नवऱ्याने पेढे आणायचे का विचारलं. "थांबा," भावबाई म्हणाल्या. पण खरं सांगायचं तर त्या दहा तारखेला त्याही जरा झपाझप चालत बुटांच्या दुकानात गेल्या. बूट आता अकराशे होता. त्यांनी अकराशे टाकले.

टुण्‌.

त्या सरळ खात्यात गेल्या. सरासरीसाहेब आता मोठ्या खोलीत बसत होते. नव्या सरकारने त्यांना बढती दिली होती.

"नवीन मॅडम म्हणाल्या, पद्धत आंतरराष्ट्रीय दर्जाची आहे," साहेब म्हणाले. "शिवाय बाई, तिजोरीत काही नाही. सरकार बदललं तरी तूट तीच असते ना?" आणि खांदे उडवले.

भावबाई बाहेर व्हरांड्यात येऊन बाकावर बसल्या. त्यांना मंत्र्यांचा राग आला नाही. मंत्र्यांकडून त्यांनी काही धरलंच नव्हतं. राग आला तो स्वतःचा, कारण त्या झपाझप चालल्या होत्या. एवढं आयुष्य बाजारात घालवूनही त्या एकदा बोलण्याला भुलल्या होत्या.

शेजारी कुणीतरी येऊन बसलं. डुलकीराव होता.

"माझ्याकडे औषधांचे भाव असतात, बाई," तो खाली बघत म्हणाला. "रक्तदाबाची गोळी महागली. मशीन म्हणालं पर्याय निवडा. यादीत काय होतं सांगू? मलम. दुखऱ्या सांध्यांचं."

"मग?"

"दाबलं मी. सहा महिने दाबतोय. झोप लागत नाही."

"तुम्हाला? झोप?" भावबाईंच्या तोंडून निघून गेलं.

डुलकीराव ओशाळं हसला. "म्हणून तर बैठकीत लागते."

भावबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. एकोणीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच. मग त्यांनी पिशवीतून जुनी नियमावली काढली, जी त्यांच्याखेरीज कुणी वाचलेली नसावी. त्यात एक कलम होतं. कुठल्याही मोठ्या शहरातून चौथ्या हिश्श्याहून जास्त वस्तूंचे भाव आले नाहीत, तर त्या महिन्याचा देशाचा महागाईचा आकडा जाहीर करता येणार नाही. आणि टॅबवर, भाव टाकण्याआधीच्या पानाच्या तळाशी, राखाडी रंगाचं एक बारीक बटण होतं: 'भाव मिळाला नाही'. दुकान जळालं किंवा बुडालं तर वापरायचं.

"पुढचा महिना पेन्शनवाढ ठरवायचा," भावबाई म्हणाल्या. "मशीन खरा भाव घेणार नसेल तर आपण खोटा द्यायचा नाही. भाव मिळाला नाही, एवढंच. मी माझ्या दोनशे बारापैकी जेवढे अडतील तेवढे तसेच टाकणार. पण मी एकटी म्हणजे काहीच नाही. बाकीचे टपरीवर बसणारे."

"टपरीवर बसतात कारण पाय दुखतात, बाई," डुलकीराव शांतपणे म्हणाला. "पन्नाशीच्या पुढचेच आहेत सगळे. मी विचारून बघतो."

भावबाईंनी ते पान दुमडून नियमावली त्याच्या हातात दिली.

चौदा तारखेच्या दुपारी शहरातून निम्म्या वस्तूंचे भाव आले नव्हते. पंधराला सत्तावीसच्या सत्तावीस माणसांना प्रशिक्षण हॉलमध्ये उभं करण्यात आलं. सरासरीसाहेबांचा आवाज चिरकत होता. त्यांनी पहिला माणूस धरला तो डुलकीराव.

"औषधाचं दुकान बंद होतं?"

"उघडं होतं, साहेब."

"गोळी नव्हती?"

"होती."

"मग भाव का मिळाला नाही?"

"मला मिळाला. मशीनला मिळाला नाही."

साहेबांनी दुसऱ्याला विचारलं. त्याने तेच सांगितलं. सहाव्या माणसापर्यंत हॉलमध्ये हसू दाबण्याचे आवाज येऊ लागले, आणि दहाव्यानंतर साहेबांनी विचारणं सोडून दिलं. अर्थसंकल्प तीन आठवड्यांवर आला होता. महागाईचा आकडा नाही म्हणजे पेन्शनचा खर्च नाही, पेन्शनचा खर्च नाही म्हणजे तूट नाही, आणि तूट सांगता आली नाही तर सावकार देश पुढचा हप्ता रोखणार. चामड्याच्या एका बुटाने सगळा गाडा चिखलात रुतवला होता.

दोन दिवसांनी अर्थमंत्रीबाई जातीने खात्यात आल्या. भावबाईंना एकटीला आत बोलावलं.

"बाई, आपण तर एकाच बाजूच्या," मंत्रीबाई मऊ आवाजात म्हणाल्या. "तुमच्या साक्षीमुळेच मी इथे बसलेय. पण जरा विचार करा. पेन्शनचा एक टक्का म्हणजे किती दवाखाने, किती शाळा, माहितेय तुम्हाला? पैसा आणू कुठून?"

"मग कमी द्या ना पेन्शन," भावबाई म्हणाल्या.

मंत्रीबाई चमकल्या.

"तो तुमचा अधिकार आहे," भावबाई पुढे म्हणाल्या. "सभागृहात उभ्या राहा आणि सांगा, पैसे नाहीत, महागाई सात टक्के झाली पण म्हाताऱ्यांना आम्ही दोनच देणार. लोक ऐकतील, शिव्या देतील, कदाचित पटेलही. पण बूट स्वस्त झालाय हे सांगायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? तो मी बघितलाय. तो अकराशेला आहे."

"असं सांगून कुणी निवडून येत नाही, बाई. राजकारण तुम्हाला कळत नाही."

"नाही कळत. पावाचा भाव किती आहे सध्या?"

मंत्रीबाईंनी भाव सांगितला. सभांमधला. तो केव्हाच बदलला होता. भावबाई उठल्या आणि न विचारता बाहेर आल्या.

मर्यादा उठवावी लागली. दुसरा इलाजच नव्हता. टॅबमध्ये शेऱ्याचा रकाना आला, सत्तावीस माणसं पुन्हा बाजारात फिरली आणि आठ दिवसांत आकडा लागला: सात पूर्णांक चार. मंत्रीबाईंनी सभागृहात सांगितलं की मागच्या सरकारने आकड्यांवर टाकलेला पडदा आम्ही धैर्याने बाजूला केला. बाकं बडवली गेली. बाकांना काय, कुणीही बडवावं.

पेन्शनही तेवढ्याच टक्क्यांनी वाढली. तो पैसा कुठून तरी काढायचा होता, तो काढला गेला. इतर खर्चांबरोबर शहरातले तीन बसडेपो बंद झाले. त्यात एक नवऱ्याचा होता. त्या दिवशी तो जेवला नाही. "बत्तीस वर्षं तिथून गाडी काढली," एवढंच म्हणाला. भावबाई त्याच्याजवळ बसल्या. हे निदान उघडपणे केलंय, असं त्या म्हणणार होत्या. पण ते त्यांचं त्यांनाच कोरडं वाटलं, म्हणून त्यांनी फक्त त्याच्या ताटावर झाकण ठेवलं.

शेजाऱ्यांचं तर काय सांगावं! जिन्यात एका बाईंनी त्यांना अडवलं. "मागच्या वर्षी दोन टक्के होती महागाई. तुम्ही संप केलात आणि सात झाली. मिळालं काय तुम्हाला?" आणि त्यांच्या मागे उभा असलेला तो पेन्शनर, टाळ्या वाजवणारा, वाढलेली पेन्शन खिशात घालून मान डोलावत होता. भावबाईंनी त्या दोघांकडे पाहिलं. शब्द बरेच होते, पण कुणावर खर्चायचे? "जाऊ द्या मला," त्या म्हणाल्या, "दूध नासेल."

महिनाभरात हुकूम आला. 'सार्वजनिक हितार्थ' भावबाईंना तीन वर्षं आधी निवृत्त करण्यात येत होतं. बाकीच्या सव्वीस जणांची एकेक पगारवाढ कापली. निरोपसमारंभ करायचा नाही, असं तोंडी बजावण्यात आलं. साहेब त्या दिवशी रजेवर होते.

संध्याकाळी पाचला भावबाई टॅब जमा करून फाटकाबाहेर आल्या, तर समोरच्या टपरीवर सगळे सव्वीस उभे. काहींचे गुडघे सुजलेले, काहींनी टेकायला भिंत शोधलेली. डुलकीरावाने त्यांच्यासाठी बाक पुसून ठेवला होता.

"दोन शब्द बोला, बाई," कुणीतरी म्हणालं.

भावबाई उभ्या राहिल्या. या माणसांना त्यांनी वर्षानुवर्षं आळशी म्हटलं होतं, कामचुकार म्हटलं होतं, त्यांच्या तोंडावर. या लोकांची पगारवाढ बाईंमुळे गेली होती आणि एकानेही तो विषय काढला नव्हता. त्यांनी पुढे आलेल्या कपातला एक घोट घेतला.

"चहा पाणचट आहे," त्या म्हणाल्या. "आणि मागच्या महिन्यापेक्षा कपही लहान दिसतोय."

सव्वीस माणसं खो खो हसली. टपरीवाला रागावून म्हणाला, कप तोच आहे. डुलकीरावाने खिशातून पट्टी काढली आणि कपाची उंची मोजायला घेतली.